१९२८ चा 'डेर काम्फ उम्स माटरहॉर्न' दाखवायचाय: दोराचा प्रसंग, वेग आणि मराठी पाट्या

सुळकेकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

आमच्या गिर्यारोहण संस्थेच्या पुढच्या बैठकीत हा मूकपट दाखवायचं ठरलंय. विषय १८६५ मधली मॅटरहॉर्नची (स्वित्झर्लंड-इटलीच्या सीमेवरचं आल्प्सचं शिखर) पहिली चढाई आणि उतरताना दोर तुटून झालेला अपघात. दिग्दर्शन मारियो बोनार आणि नुन्त्सिओ मालासोमा यांचं, पटकथेत डोंगरी सिनेमांचे जर्मन दिग्दर्शक आर्नोल्ड फांक, इटालियन वाटाड्या जाँ-आंत्वान कॅरेलच्या भूमिकेत लुईस ट्रेंकर. कार्ल हेन्सेलच्या गाजलेल्या कादंबरीवरून घेतलेला. प्रेक्षक साठेक, निम्म्याहून जास्त सह्याद्रीत रोप लावून चढणारे. पडद्यावर गाठ चुकीची दिसली तरी मागून आवाज येणार, त्यामुळे तयारीनिशी उभं राहायचंय.

१) कथेतलं खरं किती आणि रचलेलं किती?
२) १८६५ चा तो दोर नेमका का तुटला? सुरुवातीला दहा मिनिटांत सांगायचंय.
३) फाइल सेकंदाला २४ फ्रेमची आहे, लांबी दोन तास. एकाने सांगितलं, "मूकपट आहे, १८ नेच चालव." खरं का?
४) जर्मन पाट्यांसाठी (शॉटच्या मध्ये येणारा लिखित मजकूर) मराठी सबटायटल्स केलीत. घरच्या संगणकावर ठीक दिसतात, हॉलच्या लॅपटॉपवर जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते.
५) हक्कांचं काय?

कातळकडा

पहिल्या दोन प्रश्नांवर लिहितो, बाकीचं जाणकार सांगतीलच.

डोंगर खरा, तारीख खरी, माणसंही खरी. भांडणाचं कारण तेवढं रचलेलं. बायको, तिच्यावर डोळा असलेला सावत्र भाऊ, व्हिम्परबद्दल पेरलेला संशय हा सगळा कादंबरी-पटकथेचा मसाला. एडवर्ड व्हिम्पर आणि कॅरेल यांच्यात खरी चुरस होती ती माथ्याची. व्हिम्पर लंडनचा, लाकडी ठसे कोरणारा. १८६० मध्ये एका प्रकाशकासाठी आल्प्सची चित्रं काढायला आला आणि मॅटरहॉर्नच्या नादी लागला. कॅरेल इटलीच्या बाजूच्या ब्रॉय खोऱ्यातला, माजी सैनिक, आणि हा डोंगर आपल्या बाजूनेच सर झाला पाहिजे यावर ठाम. १८६२ आणि १८६३ मध्ये दोघं एकत्रही चढले होते. १८६५ च्या जुलैत मात्र कॅरेलने फेलिचे जोर्दानोच्या इटालियन मोहिमेला शब्द दिला होता. व्हिम्परला ते कळलं तेव्हा तो १२ तारखेला थिओडूल खिंड ओलांडून स्विस बाजूच्या झेरमाट गावात उतरला आणि भेटतील त्यांना घेऊन हर्नलीच्या धारेने निघाला.

हर्नलीची धार का निवडली, हे तुमच्या प्रेक्षकांना नक्की आवडेल. झेरमाटहून पूर्वेचा कडा उभा वाटतो, पण बाजूने पाहिला तर उतार ४० अंशांच्या आसपास निघतो. शिवाय खडकाचे थर असे कललेत की या बाजूला त्यांच्या कडा पायऱ्यांसारख्या आत झुकतात आणि इटलीच्या बाजूला त्याच बाहेर, खाली घसरत्या. व्हिम्परने हे ओळखलं. कॅरेल वर्षानुवर्षं अवघड बाजूनेच धडका देत राहिला. माझ्या मते या चुरशीची सगळी गोम इथे आहे, आणि सिनेमाला ती दाखवणं कठीण. मत्सर दाखवणं सोपं.

१४ जुलै १८६५, दुपारी १ वाजून ४० मिनिटांनी सात जण माथ्यावर, ४४७८ मीटर. खाली इटालियन धारेवर कॅरेलची तुकडी ठिपक्यांसारखी दिसत होती. हाका पोचेनात, म्हणून यांनी दगड ढकलले. ती तुकडी परत फिरली. १७ तारखेला मात्र कॅरेल आणि त्याचा साथी बिश इटलीच्या बाजूने वर पोचले. त्यांच्यासोबतचे गोरे आणि मेने हे दोघं शेवटच्या घळीशी थांबले होते, परतताना यांना वर घेण्यासाठी. म्हणजे कॅरेल 'हरला' असं सांगू नका, त्याची वाट कितीतरी अवघड होती.

आता दोर. उतरतानाचा क्रम लक्षात ठेवा: सर्वांत खाली मिशेल क्रो (शामोनीचा वाटाड्या), मग डग्लस हॅडो (वय १९, अननुभवी), मग चार्ल्स हडसन, मग लॉर्ड फ्रान्सिस डग्लस (वय १८), मग थोरला पेटर टाउगवाल्डर, मग व्हिम्पर, सर्वांत वर धाकटा टाउगवाल्डर. शेवटचे दोघं आधी वेगळ्या दोरावर होते. तीनच्या सुमारास डग्लसने व्हिम्परला विनवलं की थोरल्या पेटरच्या दोराला बांधून घ्या, कोणी घसरलं तर त्याला एकट्याला पेलणार नाही.

जागा 'खांद्या'च्या (धारेवरचा कमी उताराचा भाग) वरची, उत्तरेकडे वळणारी. उतार ४० अंशांहून कमीच, पण खडकाच्या खाचा बर्फाने बुजलेल्या, होल्ड (हातापायाला धरायच्या जागा) तुरळक आणि त्यांवर बर्फाचा पातळ पापुद्रा. क्रोने कुऱ्हाड बाजूला ठेवली होती. तो हॅडोचे पाय धरून एकेक पाऊल जागेवर ठेवत होता. तसं करून तो स्वतः खाली उतरायला वळला आणि हॅडो घसरून त्याच्यावर आदळला. त्या झटक्याने हडसन ओढला गेला, पाठोपाठ डग्लस. थोरला पेटर आणि व्हिम्पर यांनी खडकावर घट्ट पाय रोवले, त्यांच्यातला दोर ताठ होता, त्यामुळे झटका दोघांवर मिळून आला. आणि थोरला पेटर आणि डग्लस यांच्या मधोमध दोर तुटला. चौघं सुमारे ४००० फूट खाली मॅटरहॉर्न हिमनदीवर. डग्लसचा देह मिळालाच नाही.

त्यांच्याकडे तीन प्रकारचे दोर होते: मनिला तंतूंचा, त्याहून जाड आणि बहुधा जास्त मजबूत दुसरा, आणि तिसरा बारीक, खिडकीच्या सरकत्या तावदानांना लावतात त्या जातीचा. तुटला तो तिसरा. चांगला दोर २०० फुटांहून जास्त शिल्लक असताना हा मध्ये कसा आला? झेरमाटच्या चौकशीत पेटरने सांगितलं की खालच्या लोकांचा दोर त्याच्यापर्यंत पुरत नव्हता, म्हणून वेगळा तुकडा जोडला. म्हणजे साखळीतली सर्वांत कच्ची कडी बरोब्बर अशा जागी बसली जिथे चार माणसांचा झटका येणार होता. चौकशीत पेटरवर ठपका आला नाही, तरी 'त्याने दोर कापला' ही कुजबूज त्याला आयुष्यभर पुरली. तुटका दोर झेरमाटच्या संग्रहालयात आहे.

आणखी एक गोष्ट बहुतेक जण गाळतात. अवघड जागी खडकाला जादा दोर बांधून तो धरत उतरावं, असं व्हिम्परने हडसनला माथ्यावर सुचवलं होतं. हडसनला पटलंही, पण नक्की काही ठरलं नाही आणि प्रत्यक्षात झालं नाही. आपल्याकडे अवघड टप्प्यावर फिक्स रोप लावल्याशिवाय नवख्याला सोडत नाहीत, ते याचसाठी.

दहा मिनिटं बोलण्याऐवजी सात जणांना हॉलमध्ये क्रमाने उभं करा. चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये सुतळी, बाकी सगळीकडे साधा १० मिमीचा रोप. खालच्या चौघांना सावकाश मागे झुकायला सांगा. सुतळी ताणली जाताना दिसली की पुढचं सांगायची गरज पडत नाही. फक्त सुतळी खरंच तुटू शकते, मागे गादी ठेवा.

रीळवाला

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: १८ हा आकडा डोळे मिटून घेऊ नका. हाताने क्रँक फिरवायच्या दिवसांत सेकंदाला दोन फेरे, फेऱ्याला ८ फ्रेम, म्हणजे १६ हे मूळ माप. पण १९२० च्या दशकात वेग वाढतच गेला आणि १९२८ पर्यंत थिएटरं २२ ते २४ ने सर्रास चालवत होती. १९१५ चा आणि १९२८ चा मूकपट एकाच मापाने मोजला की शेवटच्या वर्षांचे सिनेमे पेंगुळतात.

३५ मिमीच्या फूटभर फिल्ममध्ये १६ फ्रेम, म्हणून मीटरला सुमारे ५२.५. १००० मीटर १८ ने ४८.६ मिनिटं, २० ने ४३.७, २२ ने ३९.८, २४ ने ३६.५. जर्मन सेन्सॉरच्या कार्डावर लांबी मीटरमध्ये असते, ती मिळाली तर तुमच्या प्रतीत काही कापलंय का हेही कळतं. मात्र आधी वेग ठरवा, मग भागाकार करा. उलट केलं तर कापलेली प्रतही पूर्ण वाटते.

वेग ठरवायचा असा. फाइल एकेक फ्रेम पुढे सरकवा आणि पुन्हा तीच फ्रेम कधी येते ते पाहा. तीन वेगळ्या आणि चौथी तिसरीसारखीच, असं सतत होत असेल तर ती १८ ची फाइल २४ मध्ये बसवलेली आहे. पाच वेगळ्या आणि सहावी पुनरावृत्त असेल तर २०. एकही पुनरावृत्ती नसेल तर प्रत्येक फ्रेम एकदाच, म्हणजे थेट २४.

त्यानंतर खरा वेग. हातातून जड वस्तू पडते असा शॉट शोधा: काठी, गाठोडं, दगड. कमरेच्या वरून, म्हणजे सव्वा मीटरवरून जमिनीवर यायला अर्धा सेकंद लागतो. वेगळ्या फ्रेम मोजा. नऊ आल्या तर चित्रीकरण १८ च्या आसपास, अकरा-बारा आल्या तर २२-२४. दोन-तीन ठिकाणी मोजा. हिमलोटाच्या किंवा माणूस कोसळण्याच्या दृश्यावरून मात्र मोजू नका. तिथे क्रँक मुद्दाम जलद फिरवायचे, म्हणजे पडद्यावर पडणं संथ आणि भारी दिसावं. कोसळणारा बहुधा बाहुलाच असायचा. हलका बाहुला साध्या वेगात कापडाच्या बोचक्यासारखा उडतो.

सुळकेकर

तपासलं. प्रत्येक चौथी फ्रेम पुनरावृत्त आहे. काठी पडण्याचे दोन शॉट सापडले, एकात ११, दुसऱ्यात १२ फ्रेम.

रीळवाला

मग फाइल १८ ची आणि चित्रीकरण २२ ते २४ चं. दोन तासांचा सिनेमा २२ ने ९८ मिनिटांत संपेल, २४ ने ९० मध्ये. सर्वांत सोपं: व्हीएलसीत वेग १.२२ ठेवा (२२ साठी). सबटायटल्स फाइलच्या वेळेला बांधलेली असल्याने तीही बरोबर सरकतात, वेगळं काही करायला नको. हालचालीत बारीक अडखळ राहील, कारण पुनरावृत्त फ्रेम तशाच आहेत. ती काढायची तर आधी प्रत्येक चौथी फ्रेम गाळून नवी फाइल करा आणि ती २२ ने चालवा. पण मग सबटायटल्सच्या वेळा १८/२२ ने गुणाव्या लागतील. दोन फ्रेम एकमेकींत मिसळून गुळगुळीत करण्याचा पर्याय मात्र बंद ठेवा, बर्फावरच्या माणसांना दुहेरी कडा येतात.

दोन गोष्टी हॉलमध्ये आधी पाहा. मूकपटाची पूर्ण चौकट ४:३ च्या जवळ असते. ध्वनिपट्टी आल्यावर डावीकडची पट्टी तिने खाल्ली. ध्वनिपटाच्या त्या अरुंद चौकटीतून काढलेल्या प्रतीत सगळं चित्र डावीकडे कापलेलं असतं, मधला माणूस मध्ये दिसत नाही. पाटीवरच्या ओळींचा डावा समास उजव्याहून अरुंद असेल तर तेच झालंय, त्यावर इलाज नाही. प्रोजेक्टरने ताणून १६:९ केलेलं मात्र आपल्या हातात आहे. ताणलं की डोंगराचा उतार कमी दिसतो. मॅटरहॉर्न बुटका दिसला तर कातळकडांचे ४० अंश कोणाला पटणार?

दुसरं, ब्राइटनेस. प्रोजेक्टरचा 'डायनॅमिक' मोड बर्फाचा सगळा पोत पांढरा करून टाकतो. सिनेमा मोड, आणि बर्फात पायाचे ठसे दिसेपर्यंत कॉन्ट्रास्ट खाली. काही शॉटमध्ये आकाशही कोरं पांढरं दिसेल, त्याला सेटिंग जबाबदार नाही. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म निळ्याला फार संवेदनशील आणि लाल तिला दिसतच नाही, त्यामुळे निळं आकाश बर्फाइतकंच उजळ येतं आणि ढग नाहीसे होतात. पिवळ्या फिल्टरने काही अंशी सावरतं, पण एक्स्पोजर वाढवावं लागतं. पॅनक्रोमॅटिक फिल्म याच वर्षांत रुळत होती. तिच्यासोबत लाल फिल्टर लावला की काळंभोर आकाश आणि त्यावर कोरल्यासारखी धार मिळते. डोंगरी सिनेमांची जी प्रतिमा आपल्या मनात आहे ती बरीचशी या फिल्टरची कमाई. सेप आल्गायर या सिनेमाच्या छायाचित्रकारांपैकी एक. फांकच्या तालमीतला माणूस. दुपारच्या माथ्यावरच्या उन्हात बर्फ सपाट दिसतो आणि तिरप्या उन्हात त्याला खवले येतात, हे या मंडळींनी पुरतं ओळखलं होतं.

अनुस्वार

चौथा प्रश्न माझ्या वाट्याचा.

जोडाक्षरं फुटतात याचा अर्थ हॉलच्या लॅपटॉपवरचा प्लेअर अक्षरं एकापुढे एक मांडतोय, जुळवत नाही. फाइल यूटीएफ-८ मध्ये असली तरी हे होतं. तो एन्कोडिंगचा घोळ नाही. एन्कोडिंग चुकलं तर भलतीच चिन्हं किंवा प्रश्नचिन्हं दिसतात. तिथे फाँट टाकून पाहता येईल, पण शो-च्या दिवशी हा जुगार नको. सबटायटल्स चित्रातच छापून घ्या. एजीसब या प्रोग्रॅममध्ये एएसएस (सबटायटल्सची) फाइल करा, फाँट 'मुक्ता' किंवा 'नोटो सान्स देवनागरी', आणि हँडब्रेक किंवा एफएफएमपेग या प्रोग्रॅमने बर्न करा, म्हणजे चित्रात छापा. संपूर्ण सिनेमा करण्याआधी एक मिनिट काढून 'क्ष', 'र्‍या', 'द्ध', 'ट्र' आणि 'स्त्रि' असलेल्या ओळी तपासा. ट्रेंकरच्या नावातला 'ट्र' आणि 'मॅटर'मधला अर्धचंद्र इथे हमखास दगा देतात. कधी डीसीपी (थिएटरसाठीची डिजिटल प्रत) करायची वेळ आली तर मजकूर न देता पीएनजी चित्रांची सबटायटल्स द्या, सर्व्हरवर देवनागरीचा भरवसा नाही.

जागेचा प्रश्न वेगळाच. मूकपटाची पाटी पूर्ण चौकट व्यापते, त्यावर खाली मराठी आली की जर्मन ओळीवर चढते. ४:३ चित्र १६:९ मध्ये ठेवलं की काळी जागा बाजूंना मिळते, खाली नाही. म्हणून चित्र थोडं लहान करा: १०८० च्या चौकटीत ९४० उंची, वरच्या कडेला टेकवून. खाली १४० पिक्सेलची पट्टी मिळते, ४४ च्या फाँटमध्ये दोन ओळी आरामात. पाट्या काढून मराठी पाट्या घालण्याच्या फंदात पडू नका. मूळ पाटीचा फाँट आणि सजावट हीसुद्धा सिनेमाचाच भाग आहे.

वेग १.२२ केल्यावर पाट्याही लवकर जातात हे विसरू नका. सहा सेकंदांची पाटी पाचच्या आत संपते. सेकंदाला १२ अक्षरांच्या हिशेबाने ५५-६० अक्षरांत वाक्य बसवा. नसेल बसत तर सबटायटल पाटीनंतर सेकंदभर पुढच्या शॉटवर रेंगाळू द्या, पण दोर, हात, चेहरा असा जवळचा शॉट असेल तिथे नको.

संबोधनं: वाटाड्या आणि साहेब दोन्ही बाजूंनी 'तुम्ही'. व्हिम्परच्या तोंडी कॅरेलला 'तू' घातलं की लगेच मालक-नोकर होतं आणि ती बरोबरीची चुरस जाते. भाऊ-भाऊ आणि आई-मुलगा 'तू'. नवरा-बायकोत तिने 'तुम्ही' म्हणायचं की 'तू' हे पहिल्या पाटीलाच ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा.

हक्कवाले_काका

पाचवा प्रश्न थोडक्यात. भारतात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं, त्यामुळे १९२८ चा सिनेमा इथे केव्हाच मुक्त झालाय. सभागृहात दाखवायला अडचण नाही. जर्मनीत हिशेब माणसांच्या मृत्यूवरून, ७० वर्षांचा. फांक १९७४ मध्ये वारले, म्हणजे तिथे २०४४ च्या अखेरपर्यंत हक्क जिवंत. म्हणून तुमची सबटायटल केलेली प्रत यूट्यूबवर चढवू नका. एखाद्या चित्रपट-संग्रहालयाने नव्याने दुरुस्त केलेली प्रत किंवा नवं रेकॉर्ड केलेलं संगीत असेल तर त्याच्या अटी वेगळ्या, त्या वाचा. संगीताबद्दल खात्री नसेल तर आवाज बंद करून आपले वादक बसवा. आणि बसवलेत तर दोर तुटण्याच्या शॉटवर झांज नको हे आधीच सांगून ठेवा, हौशी तालवादक तिथे हमखास हात साफ करतात.

अवांतर: डोंगरी कादंबऱ्यांवर मूकपट काढणारी म्युनिकची मंडळी आपल्याला परकी नाहीत. लुडविग गांगहोफरच्या कादंबऱ्यांवरून १९२० मध्ये 'डेर क्लोस्टरयेगर' आणि 'डेर ओक्सेनक्रीग' करणारे फ्रान्झ ऑस्टेन पुढे मालाडला बॉम्बे टॉकीजमध्ये आले आणि 'अछूत कन्या' (१९३६) त्यांनीच केला. त्यांचे छायाचित्रकार योझेफ व्हिर्शिंग तर इथेच राहिले. 'महल' आणि 'पाकीझा'वर त्यांचं नाव आहे. प्रास्ताविकात हे एक वाक्य टाका, जुने सिनेमावाले खूश होतील.

कातळकडा

एक राहिलं. फाइल नक्की १९२८ ची आहे ना, तेही बघा. ट्रेंकरनेच १९३८ मध्ये हीच गोष्ट 'डेर बेर्ग रुफ्ट' नावाने बोलपटात केली आणि त्याच वेळी इंग्रजीत 'द चॅलेंज' निघाला. आवाज काढून टाकलेले त्यांचे तुकडे मूकपट म्हणून फिरतात. व्हिम्परच्या भूमिकेत १९२८ मध्ये पेटर फॉस, १९३८ मध्ये हर्बर्ट डिरमोझर आणि इंग्रजीत रॉबर्ट डग्लस. तोंडं सतत हलतायत आणि पाट्या येतच नाहीत, तर समजून जा. तुमच्या फाइलमध्ये पाट्या आहेत म्हणजे बहुधा ठीक, पण मध्येच एखादं रीळ घुसवलेलं नाही ना ते पाहा.

आणि मागून आवाज येणारच आहे तर तयार राहा: १८६५ मध्ये कॅराबिनर (दोर अडकवायची धातूची कडी) नव्हतं, कातळात ठोकायचे पिटॉनही (खिळे) आजच्या अर्थाने नव्हते, दोन्ही १९१० च्या आसपास आले. हार्नेस नाही, दोर थेट कमरेला. बिले (साथीदाराला दोराने सांभाळणं) म्हणजे खडकाच्या उंचवट्याला किंवा खांद्यावरून दोर. बुटांना खिळे. पडद्यावर ट्रेंकर ज्या सफाईने कातळ चढतो ती १९२० च्या दशकातली डोलोमाइटची शैली; तो स्वतः दक्षिण टिरोलचा, वाटाड्याचं काम केलेला. कॅरेलच्या पिढीत असं कोणी चढत नव्हतं.

सुळकेकर

पाट्या शेवटपर्यंत आहेत आणि व्हिम्पर फॉसच आहे. सबटायटल्स बर्न करायला लावलीत, 'स्त्रि' नीट आला. सुतळीसाठी गादीची व्यवस्था झाली.